मोराच्या डब्यातलं मेण

रविवार पेठ, कोल्हापूर
१२ सप्टेंबर १९१६

दिलदार ड्रायव्हर यांस हुसेन मिस्त्रीचा सलाम. सलाम रीतीचा आहे, मनातला समजू नये.

इनामदारसाहेबांच्या कारभाऱ्यांचा निरोप आला की यंदा दसऱ्याआधी मोटारीला व्हार्निसचा हात द्यायला कागलला येऊ नये, ते काम घरच्या घरी होतं आहे. घरच्या घरी म्हणजे कोण, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तुमच्याकडचा सयाजी गाडीवान इथं बाजारात सांगत फिरतो की दिलदारनं मोराचं चित्र असलेला मेणाचा एक स्वस्त डबा दुकानातून आणला आणि साहेबांना म्हणाला, आता मिस्त्रीची गरज नाही.

तुम्ही पागेत घोडे खाजवत होता तेव्हापासून त्या घराच्या गाड्या आम्ही रंगवतो. आधी अब्बा, मग मी. बग्ग्या गेल्या, रंगवून घेणारे सरदार मुंबईकडं वळले. आता माझ्या कारखान्यात वर्षाला नाव घेण्यासारखं एकच काम येतं, ते म्हणजे ही मोटार. ते तुम्हाला माहीत आहे. माहीत असून तुम्ही ते काढून घेतलंत, म्हणून हे पत्र.

दुसरी गोष्ट. मोटारीच्या डाव्या दारावर जी सोनेरी रेघ आहे ती अब्बांनी ओढलेली शेवटची रेघ. त्यांचा हात तेव्हा पाण्याचा पेला धरतानाही कापत होता. खारीच्या केसांचा ब्रश हातात घेतला आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेले. त्या रेघेवर तुमच्या डब्यातलं काहीबाही घासलं गेलं आणि ती फिकी पडली, तर मी कागलला येईन, आणि व्हार्निस द्यायला नाही येणार.

हुसेन मिस्त्री


कागल, इनामदारांचा मोटारखाना
१७ सप्टेंबर १९१६

हुसेन मिस्त्री यांस,

तुमचा सलाम मिळाला, जसाच्या तसा परत घ्या.

डबा मी आणला, व्हय. चोरून न्हाय आणला, दुकानात मांडून ठेवलावता. तुम्हाला वाटतं दिलदारनं डोळे झाकून मोटारीला फासला. तसं न्हाय. आधी मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लावून बघितला. वास म्हणाल तर मेणबत्ती आन् टर्पेंटाइन एकत्र. बोटभर मेण फडक्यावर घ्यायचं, गोल गोल चोळायचं, धुरकट पांढरं झालं की फलालिनीच्या मऊ फडक्यानं पुसून काढायचं. माझं तोंड मला दिसाय लागलं, मिशीसकट. मग बॉनेटला लावलं, मग दारांना. वरनं पाणी वतलं तर अळूच्या पानावरनं पळावं तसं पळालं. साहेब सोता बघाय आलं, आन् म्हणालं, एवढं सोपं हाय तर हुसेन आठवडाभर काय करतो?

मी काय सांगणार? तुम्ही आलात की मोटारखाना बंद. वल्या व्हार्निसवर धूळ बसंल म्हणून जमिनीवर पाणी मारा, खिडकीला चादर बांधा, कुणी शिंकायचं न्हाय, कुणी चालायचं न्हाय. पलीकडच्या तबेल्यात घोड्यानं शेपटी हलवली तरी तुम्ही माझ्याकडं डोळे वटारून बघणार. आन् साहेब तोवर पायी. तुमच्या त्या सोंगाला आता कुणाला वेळ न्हाय.

घोडे खाजवलेत, लाज न्हाय वाटत. त्याच घोडे खाजवणाऱ्याला तुमच्या बापानं पोरगी दिली. म्हातारपणी तुमच्याकडं न राहता माझ्या खोलीत येऊन राहिला आन् ती रेघ माझ्या मोटारखान्यात बसून वढली. तुम्ही त्या खोलीचा उंबरा अजून वलांडला न्हाय. रेघेची काळजी मला शिकवू नका.

दिलदार

ता. क. भाई, ते सांगतात तसं मी लिहिते. एवढी ओळ माझी. अम्माच्या डोळ्यांचं कसं आहे? तू मागच्या साली मोटारखान्यात येऊन गेलास, आमचं दार बारा पावलांवर होतं. सलमा


कोल्हापूर
२३ सप्टेंबर १९१६

दिलदार ड्रायव्हर यांस,

तुमची मिशी दिसली, बरं झालं. आता पुढचं ऐका.

मी तोच मोराचा डबा विकत आणला. माझ्याकडं बग्गीची एक जुनी फळी आहे, दुधी रंगाची, तुमच्या मोटारीसारखेच रंगाचे हातावर हात दिलेली. तिला लावून पाहिला. चमकलं, हे कबूल करतो. मी खोटं लिहिणार नाही. पण चांगलं मेण वाळलं की टणक होतं. हे वाळत नाही. यात स्वस्त मेण आणि तेल भरलेलं आहे, ते चार दिवसांनीही मऊच राहतं. फळी दुपारी अंगणात ठेवून अंगठा दाबला, तर अंगठ्याच्या रेषा मोजता येतील असा ठसा उमटला. कोळशाचा बोटानं टिळा लावला, तो मेणात असा रुतला की पुसता पुसता पसरला. व्हार्निसवर पडलेली घाण वर राहते. या मेणावर पडली की आत जाते.

मोटार उन्हात उभी करून अंगठा लावून बघा. ठसा उठला तर साहेबांना जाऊन सांगा की चूक झाली आणि मिस्त्रीला बोलवा. दसऱ्याला अजून वेळ आहे. मी येईन, काम करीन, तुमच्याशी बोलणार नाही.

नाही सांगितलंत तर दसऱ्याच्या स्वारीत सगळं कोल्हापूर तुमचा अंगठा बघेल.

लिहिणारीस कळावं की अम्मा बरी आहे.

हुसेन मिस्त्री


कोल्हापूर
७ ऑक्टोबर १९१६

दिलदार ड्रायव्हर यांस,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. तरी काल उत्तर मिळालं असं समजतो.

काल दसऱ्याला मी मैदानाच्या कडेला दुपारपासून उभा होतो. हत्ती गेले, घोडेस्वार गेले, सरदारांच्या मोटारी गेल्या. आमच्या इनामदारांची मोटार काही येईना. शेवटी साहेब आले ते जुन्या बग्गीतून. ती बग्गी मी रंगवलेली आहे आणि आज इतक्या वर्षांनीही तिच्यात माणसाला आपलं तोंड दिसतं. शेजारी उभा असलेला म्हणाला, ही बग्गी कुणाच्या हातची? मी म्हटलं, माझ्या.

साहेबांचं तोंड उतरलेलं होतं. तुमची मोटार कुठं होती, ड्रायव्हर?

हुसेन मिस्त्री


कागल
११ ऑक्टोबर १९१६

मिस्त्री,

मोटारीचं टायर फुटलं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी फुटलं, दुसरं मुंबईहून यायचं हाय. म्हणून बग्गी जोडली. मेणाचा त्याच्याशी काय संबंध न्हाय. मेण झ्याक हाय. तुम्ही मैदानात उभं राहून नाचला असाल तर आता बसा.

दिलदार

ता. क. भाई, टायर फुटलेलं नाही. त्यांनी सांगितलं ते लिहिलं, आता खरं लिहिते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे त्यांना कळणार नाही.

खंडेनवमीला दरसालसारखी मोटारीची पूजा झाली. आईसाहेबांनी थाळीत हळद कालवली आणि डाव्या दारावर दोन्ही हातांचे पंजे उठवले. त्यांचे धाकटे चिरंजीव पलटणीबरोबर बसऱ्याला लढाईवर गेलेत, त्यांच्या नावानं यंदा मुद्दाम दोन्ही हात उठवले. तुझं खरं ठरलं. मेण मऊच होतं, हळद आत शिरली. दसऱ्याला सकाळी स्वारीला निघायचं म्हणून यांनी पुसून पाहिलं, निघेना. मग धुण्याचा सोडा पाण्यात कालवून घासलं. पंजे लाल झाले. भाई, रक्तानं माखलेले दोन हात दारावर मारावेत तसे. यांनी घाबरून वरून आणखी मेण चोळलं, तर ते लाल आत बंद झालं.

आईसाहेबांनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. बसऱ्याहून महिनाभर पत्र नाही. त्या दिवसापासून त्या धड जेवत नाहीत, माझ्या लेकाचं रक्त माझ्याच हातानं दारावर लागलं म्हणतात. अपशकुनी म्हणून मोटार मोटारखान्यात कोंडली आहे, दाराला बांबूचा झापा लावून. साहेब म्हणतात, सगळा रंग खरवडून काळी करा.

ते रक्त नाही, की तुझ्या रंगातलंही काही नाही. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. हळदीचा डाग पडलेलं धुणं साबणात घातलं की लाल होतं, हे धुणाऱ्या बाईला माहीत असतं. आणि हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. मोटार चार दिवस उन्हात ठेवली तर पंजे आपोआप जातील. अब्बांची रेघ त्या बोटांच्या खालीच आहे, अजून शाबूत आहे.

मी बोलले तर म्हणतील, ड्रायव्हरची बायको नवऱ्याला वाचवते. हे म्हणतील, तू गप बस. तू मिस्त्री आहेस. तू येऊन सांग. साहेब तुझं ऐकतील, काम तुला परत मिळेल, यांचीही भाकरी राहील. लवकर ये. ईदेलाही तू आला नाहीस, पण आता ये.

तुझी सलमा


कोल्हापूर
१६ ऑक्टोबर १९१६

दिलदार ड्रायव्हर यांस,

टायरचं कळलं.

तुमच्या माहितीसाठी लिहितो की मी काल इनामदारसाहेबांना पत्र टाकलं. मोटारीला काय झालं ते बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं आहे, लपवून उपयोग नाही. मी साहेबांना कळवलं आहे की हलक्या मेणाचं विष रंगाच्या आतपर्यंत उतरलं आहे, त्याला वरवरचा इलाज नाही. मोटार पत्र्यापर्यंत खरवडावी लागेल आणि नव्यानं हातावर हात द्यावे लागतील. ते काम मी करीन. मात्र ज्यानं हे केलं त्याच्या हाती पुन्हा मोटार राहणार असेल तर मी ब्रश उचलणार नाही. ड्रायव्हर बदलावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. मिरजेला एक चांगला माणूस आहे, त्याचं नावही दिलं आहे.

अब्बांची रेघ यात जाईल. त्याला इलाज नाही. ती तुमच्या मोटारखान्यात ओढली गेली हेच मुळात व्हायला नको होतं.

तुम्ही माझं एकच काम काढून घेतलंत, तेव्हा माझ्या घरात काय शिजेल याचा विचार केला नव्हता. मीही करत नाही.

लिहिणाऱ्यानं सांगितलं तेवढंच लिहावं. आपल्या मर्जीनं ओळी वाढवू नयेत.

हुसेन मिस्त्री


कागल
२० ऑक्टोबर १९१६

मिस्त्री,

तुमचं पत्र सलमानं वाचून दाखवलं. वाचताना ती मध्येच थांबली. मी म्हटलं, अक्षर लागंना का? तर न्हाय म्हणाली आन् पुढं वाचलं.

साहेबांनी मला बोलवून सांगितलं, दिवाळीपातूर खोली मोकळी कर. कुठं जाऊ ते सांगितलं न्हाय. मी बी गप न्हाय बसलो. मी सांगितलं, मेण फक्त वरनं हाय, लाल रंग खालनं वर आला, म्हणजे मिस्त्रीनं दुधी रंगाच्या खाली हलक्या मालाचा लाल हात दिलावता, आन् चांगल्या मालाचं नाव सांगितलं. खरं का खोटं मला ठाऊक न्हाय. तुम्ही माझ्यावर विष म्हणालात, मी तुमच्यावर लाल म्हणालो. मिरजेच्या माणसाला आणा, पण रंगवायला तुम्ही याल का तेबी आता साहेब बघतील.

तुम्हाला वाटलं आसल मी पाया पडाय येईन. खोली सोडीन, रस्त्यावर बसीन, पण कोल्हापूरला तुमच्या दारात येणार न्हाय.

दिलदार


कागल
२ नोव्हेंबर १९१६

हुसेन मिस्त्री यांस,

हे पत्र कुणी सांगितलेलं नाही. सगळं माझं आहे.

तुमचं सोळा तारखेचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. नवऱ्याला ऐकवताना मला प्रत्येक शब्द तोंडातून काढावा लागला. विष रंगाच्या आतपर्यंत उतरलं आहे, हे वाचताना मी थांबले. हळदीचं मी तुम्हाला लिहिलं होतं. पत्र पोचलं नसेल असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, कारण ओळी वाढवू नयेत हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे तुम्ही वाचलंत, तुम्हाला पटलं, आणि मग बसून साहेबांना दुसरं काही लिहिलंत. घरात एक म्हातारी बाई जेवण टाकून बसली आहे हेही त्याच ओळींत होतं.

मी चार दिवस वाट पाहिली. वाटलं, राग उतरला की येतील. मग खरवडायचे पत्रे आणि दगड आले. साहेबांनी गावातल्याच माणसांना कामाला लावायचं ठरवलं. त्यांतला केरबा झापा काढत होता आणि मला दारावरची ती रेघ दिसली, लाल बोटांच्या मधून गेलेली. तेव्हा मी आत आईसाहेबांकडं गेले.

कुणी म्हणालं, हिला आत कशाला सोडलं.  वाटीत हळद नेली होती, पदरात सोडा बांधून नेला होता आणि त्याच मोराच्या डब्यातलं मेण एका पांढऱ्या ताटलीला चोळून नेलं होतं. त्यांच्या समोर हळदीचं बोट ओढलं, वर सोड्याचं पाणी टाकलं. लाल झालं. आईसाहेब बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, "अगं, माहेरी मी सोता कुंकू केलंय. हळदीला खार घालून घालून हात लाल व्हायचे माझे. मला कसं सुचलं न्हाय?" आणि रडायला लागल्या. मीही रडले, लपवत नाही.

त्याच दिवशी मोटार ढकलून अंगणात काढली, डावं दार उन्हाकडं करून. वरचं मेण रॉकेलच्या बोळ्यानं मी आणि यांनी मिळून उतरवलं, रेघेला धक्का न लावता. पंजे पहिल्या दिवशी विटकरी झाले, मग कांद्याच्या सालीसारखे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नुसती सावली राहिली होती, पाडव्याला तीही गेली. बसऱ्याचं पत्र अजून आलेलं नाही. पण आईसाहेब जेवतात.

साहेबांनी खोली काढून घेतली नाही. मोराचा डबा यांनी आपल्या हातानं उकिरड्यावर टाकला आणि साहेबांपुढं म्हणाले, मेणाचं मिस्त्री बरोबर बोललं होतं. तुमच्या रंगाबद्दल खोटं बोललो हेही सांगितलं. हे मी तुमच्या कानावर घालते, कारण त्यांना तुमच्याकडून असं काही ऐकायला मिळणार नाही.

शेवटी आईसाहेबांनी एक विचारलं. सगळे उठून गेल्यावर, मला एकटीलाच. "तुझ्या भावाला हे ठाऊक व्हतं का गं?"

मी म्हटलं, "न्हाय. त्यास्नी रंगातलं कळतं, हळदीतलं कुठनं कळणार?"

त्या म्हणाल्या, मग पुढच्या दसऱ्याला त्यालाच बोलवू. तसं कारभाऱ्यांचं पत्र तुम्हाला येईल. तुमचं काम तुम्हाला परत मिळालं. ते माझ्या खोट्यानं मिळालं, हे तुम्हाला आणि मला दोघांनाच ठाऊक आहे. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलेलं नाही. त्यांना अजून वाटतं तुम्ही रागीट आहात. तेवढंच राहू दे.

या. मोटारखान्यात पाणी मारून ठेवू, खिडकीला चादर बांधू, कुणी शिंकणार नाही. अब्बांच्या रेघेला व्हार्निसचा हात द्या. आपल्या दोघांना एकाच पाटीपुढं बसवून त्यांनी अक्षरं शिकवली होती, त्या अक्षरांचं तुम्ही काय केलंत ते रेघेसमोर बसून आठवा. काम झालं की आल्या रस्त्यानं जा. आमच्या दाराकडं बघू नका, ते लावलेलं असेल. इतकी वर्षं तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत. आता मी म्हणते, ओलांडू नका.

यापुढं ते सांगतील तेवढंच मी तुम्हाला लिहीन. माझ्या मर्जीच्या ओळी संपल्या.

अम्माला सांगा, सलमा बरी आहे.

सलमा दिलदार